सरांची पाणकोंबडी

मला एखाद्याचा आवाज धरायला दोन वाक्यं पुरतात. एक ऐकायला, एक जुळवून बघायला. मुरबाडच्या शाळेत नववीला असताना मी खिडकीबाहेर उभं राहून हेडमास्तरांच्या आवाजात "उद्या शाळेला सुट्टी" असं जाहीर केलेलं, आणि आतल्या बाईंनी ते फळ्यावर लिहूनसुद्धा टाकलेलं. छड्या खाल्ल्या. छड्या मारून झाल्यावर हेडमास्तर बोलले, "परत काढ बघू." काढला. परत छड्या.

म्हणजे आवाज काढणं ही माझ्यासाठी मस्करी होती. कोणाचं वाईट व्हावं म्हणून मी कधी आवाज काढला नव्हता. एकदाच काढला. त्याची चार महिने तयारी केली, आणि मला त्याचा अजून पश्चात्ताप होत नाय.

मी मुरबाडला मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात कामाला आहे. रविवारी सुट्टी. तेव्हा कल्याणच्या खाडीचा एक काठ साफ करायचं काम निघालेलं आणि दर रविवारी पोरं लागायची. नाश्ता मिळतो असं ऐकून मी गेलो. नाश्ता मिळाला, पण हाताला असा वास होता की पोहे तोंडापर्यंत जाईनात. गाद्या काढल्या, फ्रिजचं दार काढलं, थर्माकोलची मखरं काढली. साड्या तर विचारू नका. चिखलातनं साडीचं टोक ओढायला घेतलं की ती संपायचीच नाय, आमी चौघं ओढत मागं मागं रस्त्यापर्यंत यायचो. असे आठ-नऊ रविवार गेले.

मग एका रविवारी ओहोटीला बघतो तर खाली नुसता चिखल. चिखल म्हणजे कसा, स्वच्छ, चकचकीत, कोणी सारवून ठेवल्यासारखा. आणि त्याच्यावर पाखरं. आधी टिटव्या आल्या. मग शेकाटे आले, लाल काड्यांवर उभे केल्यासारखे. मग तुतवार, चिखलावरनं सारखं ढुंगण हलवत फिरणारा. मी त्याची नक्कल केली तेव्हा आमचे सगळे साफसफाईवाले हसून चिखलात बसले. मला तेव्हा खरंच आतनं बरं वाटलेलं. हे आपण केलंय, असं.

पाखरं आली तशी पाखरं बघणारी माणसं पण आली. काठावरच्या बिल्डिंगांतले लोक. टोप्या, दुर्बिणी, डब्यात इडल्या. त्यांचा ग्रुप झाला आणि ग्रुपचे सर झाले. ते कुठल्या शाळेत शिकवत नव्हते, पण सगळे त्यांना सरच म्हणायचे. हातभर लांब लेन्स, ती पण बाळासारखी छातीशी धरलेली. बोलायच्या आधी "हे बघा" म्हणून जिभेचा टक् असा आवाज काढायचे आणि मग नाकातनं बोलायचे. त्यांच्याकडे वही होती. पाखरू पहिल्यांदा कोणाला दिसलं, ते नावासकट वहीत जायचं, आणि त्या वहीवरनं पुढं काठावर मोठा बोर्ड लागणार होता. सरांचा नियम एकच. "हे बघा, ऐकलेलं धरत नाही. दिसलं पाहिजे. फोटो पाहिजे."

आता माझा मामा. मामा वैशाखऱ्याच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या वाडीत राहतो. भात, नाचणी, आणि जंगलातनं काय मिळेल ते. मामा पाखरांना हाक मारतो. तोंडानं. दोन बोटं गालात घालून तितराला, ओठ आत ओढून लाव्ह्याला. पाखरू समोरनं जबाब देतं आणि चालत येतं. मामाच्या बापाच्या टायमाला हे पोटासाठी होतं. मामानं पकडायचं कधीच सोडलं, पण हाक सोडली नाय. मी आवाज काढायला शिकलो ते मामाकडून. त्यानं मला एक गोष्ट आधी शिकवली आणि हाक नंतर. "समोरून जबाब आला का गप बसायचं. आनि अंड्यावरच्या, पिल्लावरच्या पाखराला हाकच मारायची नाय. तो उठून येतो, मागं अंडी थंड पडतात."

मामाच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आणि दुसरा डोळा दाखवायला तो कल्याणला आला होता. शनिवारी दाखवलं, रविवारी मी त्याला खाडीवर घेऊन गेलो. आपण साफ केलेलं दाखवावं म्हणून. मामाला लांबचं काय दिसत नव्हतं. तो काठावर उकिडवा बसला आणि कान दिला.

"हितं पानकोंबडी हाय," मामा बोलला. "त्या लव्हाळ्यात. दोन हायत."

मी मोठ्यानं ओरडलो, "सर, लिहा! पाणकोंबडी! माझ्या मामानं ओळखली!"

सर आले. मामाकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. डोळ्यावरचा हिरवा चष्मा, पायात टायरची चप्पल. सरांनी टक् केलं.

"हे बघा, ऐकलेलं धरत नाही." मग ग्रुपकडे वळून बोलले, "आणि यांना कळणारच हो. हे लोक पक्षी बघत नाहीत, भाजतात. खिसे तपासा रे त्यांचे, जाळंबिळं आणलं असेल!"

सगळे हसले. वीस-बावीस माणसं होती. एक काकू होत्या, बँकेतनं रिटायर झालेल्या, फक्त त्या हसल्या नाय. मला वाटलं मामा पण काहीतरी फटकन बोलेल, कारण वाडीत मामाच्या तोंडाला कोणी लागत नाय. पण मामा हसला. आणि हसत हसत त्यानं खरंच खिसा उलटा करून दाखवला. तंबाखूची पुडी, चुन्याची डबी आणि डोळ्यांच्या थेंबांची बाटली.

"नाय हो साहेब, जाळा नाय," मामा बोलला.

तो उलटा खिसा मी विसरलो नाय.

पुढच्या रविवारी सरांनी त्याच लव्हाळ्यासमोर तीन तास बसून पाणकोंबडीचा फोटो काढला. पांढरं तोंड, काळी पाठ, शेपटीखाली तांबडं. वहीत लिहिलं, पहिली नोंद, आणि पुढं स्वतःचं नाव.

त्या दिवसानंतर मामानं हाक मारणं बंद केलं. मी वाडीत गेलो की आमी दोघं बांधावर बसून हाका मारायचो, हा आमचा लहानपणापासूनचा खेळ. आता मी तितराची हाक मारली की मामा दुसरीकडं बघायचा. मामी बोलली, "कल्यानावरून आल्यापासनं असाच आहे. काय झाला रे तिथं?" मी सांगितलं नाय. मामानं पण सांगितलं नव्हतं.

मग मी सरांना धरला. म्हणजे त्यांचा आवाज. दर रविवारी ग्रुपमध्ये जायचो, मागं उभा राहायचो, ऐकायचो. ते टक्, ते नाक, "हे बघा"मधला "हे" लांबवायची पद्धत. दुकानात मोबाइलचं कव्हर उघडताना मी तेच वाक्य बोलायचो. खिसे तपासा रे त्यांचे. बॅटरी काढताना तेच. आंघोळीला तेच. दुकानाचा मालक एकदा बोलला, "कोणाशी भांडतोयस रे?" मी बोललो, "अजून भांडण सुरू नाय झालं." मला सरांचं पाणी उतरवायचं होतं. माणसं जमलेली असताना. कमीत कमी बावीस माणसं.

आणि देवानं काय द्यावं? पाऊस अर्धा सरल्यावर सरांनी मलाच बाजूला बोलावलं.

"अरे, तू मोबाइलवाला ना? मुरबाडचा?"

"हो सर."

"हे बघ, बोर्डाचा कार्यक्रम आहे. अधिकारी येणार, शाळेची मुलं येणार. पाहुण्यांसमोर पाणकोंबडी ओरडली पाहिजे, बाहेर आली पाहिजे. हा छोटा स्पीकर आहे. माझ्या फोनमध्ये तिचा आवाज आहे. तू सकाळी जाऊन हा लव्हाळ्यात लपव आणि फोनला जोडून दे. मी खिशातल्या खिशात चालू करीन." मग हळूच, "कोणाला बोलू नकोस. काही लोकांना हे आवडत नाही."

पाखराला फसवून बाहेर काढतात म्हणून माझ्या मामाचा खिसा उलटा झाला, आणि तेच काम हा माणूस करत होता, मशीन घेऊन. आणि सांगत कोणाला होता? मला! तो माझा मामा होता हे त्यांना आठवतसुद्धा नव्हतं. ते वाक्य त्यांच्या तोंडातनं थुंकीसारखं पडलं होतं आणि ते पुढं निघून गेले होते. त्याचा मला जास्त राग आला. मी चार महिने ज्याच्यावर दात खातोय, त्याला माहितीच नाय!

"करतो सर," मी बोललो. एकदम गोड.

कार्यक्रमाच्या सकाळी मी सरांच्या फोनला स्पीकर जोडून दिला आणि जोडता जोडता फोनचा स्वतःचा आवाज शून्यावर आणला. मग स्पीकर बंद केला आणि माझ्या बॅगेत टाकला. सरांना लांबूनच हात वर करून दाखवलं, सगळं तयार. मग वळसा घेतला आणि स्पीकरच्या जागी मीच जाऊन बसलो. गुडघाभर चिखल, डोक्यावर लव्हाळा, कानाशी डास. काठावर खुर्च्या, शाळेची पोरं, अधिकारी, आणि आमचा सगळा ग्रुप. लव्हाळ्याच्या फटीतनं मला सर नीट दिसत होते. त्यांनी खिशात हात घातला.

मी सुरू केलं. पाणकोंबडीचं, एकदम शुद्ध. क्वाक्, क्वाक्, कुर्र.

"ऐका!" सर कुजबुजले, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "नर आहे. मादीला बोलावतोय."

आणि तेवढ्यात माझ्या डाव्या हाताला, अगदी दोन हातांवर, जबाब आला. खरा. ती तिथंच होती. एक क्षण मी गप झालो. समोरून जबाब आला का गप बसायचं. लव्हाळा हलला, आणि ती निघाली, मागनं काळी काळी तीन पिल्लं, चिखलावरनं घाईघाईत लांब पळत. खरी पाणकोंबडी बाहेर आली ती अशी, पाहुण्यांच्या उलट्या बाजूनं. कोणालाच दिसली नाय. मी तेव्हा थांबायला पाहिजे होतं. मला माहीत होतं. मी थांबलो नाय.

मी टिटवी काढली.

"टिटवी," सर बोलले. "धोक्याचा इशारा देतेय."

मी बकरीचं करडू काढलं.

सरांनी खिशात दाबलं. मग परत दाबलं. अधिकाऱ्यांनी विचारलं, "हा कोणता?" सरांनी टक् केलं आणि बोलले, "हे बघा, काही पाणपक्ष्यांचा आवाज... बराचसा करडासारखा असतो."

ते बिचारे दुसरं काय बोलणार? स्पीकर आहे म्हणून सांगितलं तर पकडले जाणार. नाय सांगितलं तर करडाला पाणपक्षी म्हणावं लागणार. मी मनात बोललो, आता बघ. मी कोंबडा काढला. पोरं हसायला लागली. कुकरची शिट्टी काढली, तीन. सर आता दोन्ही हातांनी खिसा दाबत होते. मी एसटीचा कंडक्टर काढला. "चला पुढं सरका, वैशाखरे, टोकावडे, मुरबाड! दारात उभं नको, ओ ताई!" आणि डबल बेल. अधिकारी पण हसायला लागले.

मग मी थांबलो. हसणं ओसरू दिलं. चार महिने ज्याच्यासाठी घासलं, ते काढलं.

टक्. "हे बघा, ऐकलेलं धरत नाही. यांना कळणारच हो. हे लोक पक्षी बघत नाहीत, भाजतात. खिसे तपासा रे त्यांचे, जाळंबिळं आणलं असेल!"

एक पोरगी उठून उभी राहिली. "सर, तुमचाच आवाज येतोय!"

ग्रुपवाले एकमेकांकडे बघायला लागले. त्यांना आठवलं. मी फटीतनं एकेकाचं तोंड बघत होतो, ज्यांनी ज्यांनी दात काढले होते त्यांचं. सर लालबुंद. आणि त्यांना राहवलं नाय. ते लव्हाळ्याकडे बघून ओरडले, "अरे, बंद कर तो स्पीकर!"

"कसला स्पीकर?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

मी लव्हाळ्यातनं उठलो. कमरेपर्यंत चिखल. बॅगेतनं स्पीकर काढला, पाहुण्यांपर्यंत चालत गेलो आणि सरांच्या हातात दिला. "बंदच होता सर. सकाळपासून."

मी हे असं सांगतोय म्हणजे मला मजा आली असं वाटेल. आली. खोटं कशाला बोलू? घरी येताना एसटीत मी खिडकीला डोकं लावून एकटाच हसत होतो.

तसाच पुढच्या एसटीनं वाडीत गेलो. मामाला सगळं सांगितलं, सगळ्या आवाजांसकट. मामी हसून हसून खाली बसली. मामा ऐकत होता. संपल्यावर त्यानं एवढंच विचारलं, "पिल्लं केवढी होती?"

मी बोटानं दाखवलं, एवढी.

"आनि तू हाक मारलीस."

"मामा, ती पळाली, तिला काय झालं नाय. आणि सरांचं बघ ना, कसं तोंड..."

"त्याचा त्यो बघंल," मामा बोलला आणि उठून आत गेला. माझी सगळी मजा तिथंच चिखलात बसली. पण राग? राग तसाच. उलट वाढला. कारण मामाला अजून कोणीच काय बोललं नव्हतं. सर ग्रुप सोडून गेले आणि सांगत सुटले की मशीन बिघडलं होतं आणि बाकी सगळं मुरबाडकडच्या एका टपोरी पोराचं काम आहे. बोर्ड अडला. पण मामाला कोणी हाक मारून बोललं का, की चुकलं? नाय.

पंधरा-वीस दिवसांनी बँकेतल्या काकूंचा फोन आला. "अरे, मी सरांच्या घरी जाऊन बोललेय. त्यांना माफी मागायचीय. मामांचा नंबर दे."

"फोनवर नाय काकू," मी बोललो. "बावीस माणसांत बोललेत. वाडीत या. अंगणात."

मला वाटलं येणार नाय. पण आले. गणपती उठल्यानंतरच्या रविवारी काकूंनी सरांना गाडीत घालून आणलं. टोकावड्यापर्यंत मी घ्यायला गेलो, पुढं गाडी जाते तिथपर्यंत गाडीनं, मग चढ. सर धापा टाकत होते. लेन्स आणली नव्हती. माझ्याशी एक शब्द बोलले नाय, मी पण नाय. मी मागनं चालत होतो आणि त्यांच्या धापेची पण नक्कल जमतेय का ते बघत होतो. जमत होती.

अंगणात मामीनं शेजारच्या बायकांना जमवलेलं. काकड्या चिरून ताटात ठेवल्या होत्या, मीठ लावून. मामानं सरांना खुर्ची दिली, वाडीतली एकच खुर्ची, आणि स्वतः खाली बसला. "या पावनं. दमला असाल. आधी चाय घ्या." मामी कोरा चहा घेऊन आली. मामानं भाताचं सांगितलं, काकूंच्या गुडघ्याचं विचारलं, सरांच्या पोराबाळांचं विचारलं. हसत होता. मला वाटलं, झालं, मामा विसरला. एक कप चहा पाजून हा माणूस याला असाच खाली सोडणार. माझे चार महिने पाण्यात.

शेवटी सरांनी कप खाली ठेवला. टक् केलं. "मामा, मी माफी मागायला आलोय."

"कशाची वो?" मामा बोलला.

"त्या दिवशी खाडीवर... माझ्या तोंडून काहीतरी गेलं."

"काय गेला?"

सरांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी काकडीची फोड उचलली आणि मन लावून खायला लागल्या.

"म्हणजे... जे बोलायला नको होतं ते."

मामानं डोकं खाजवलं. "मला तं काय आठवत नाय बा. वय झाला, डोळे गेले. तुमीच सांगा, काय बोलला होता."

वीस वर्षांपूर्वी कुठल्या बांधावर कुठलं तितर ओरडलं होतं, ते मामाला आठवतं. मी मामाच्या तोंडाकडं बघितलं. एकदम साधं तोंड. डोळ्यांना डोळे भिडवून सरांकडं बघत होता आणि वाट बघत होता. तेव्हा मला कळलं की मी लव्हाळ्यात बसून जे केलं ते पोरखेळ होता.

सर खाली बघून पुटपुटले. "मी बोललो की... हे लोक पक्षी बघत नाहीत..."

"ओ साहेब," मागनं मामीचा आवाज आला, "जरा मोठ्यानं बोला. पाठीमागं बायकांना ऐकू येत नाय."

अंगणात बारा-तेरा बायका, दोन म्हातारे, सगळे काकडी खायचे थांबले होते. एका म्हाताऱ्यानं कानामागं हात धरला. सरांनी माझ्याकडं बघितलं, त्या दिवसानंतर पहिल्यांदा. मी हात मागं बांधून उभा होतो आणि मला एक शब्द बोलायची गरज नव्हती.

"बसून आवाज येत नाय," मामा बोलला, एकदम प्रेमानं. "उभं रहा जरा. घाई नाय. पयल्यापासून सांगा."

सर खुर्चीतनं उठले, घसा साफ केला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.